काचेच्या टाकीतली गोगलगाय

वऱ्हाडात पाणी साठवल्याशिवाय संसार चालत नाही. अकोल्यात नळ रोज येत नाही, म्हणून अंगणात सिमेंटचे टाके, गच्चीवर काळी टाकी आणि मोरीत ड्रम असतो. त्या टाक्यात हिवताप विभागाचे कर्मचारी येऊन गप्पी मासे सोडून जातात, आणि आपल्या बहुतेक मुलांची पाण्यातल्या जीवांशी पहिली ओळख या गप्पींपासूनच होते. मग एखाद्या वर्षी ईदीच्या पैशांतून काचेची लहानशी टाकी घरी येते. तिच्यात चार मासे येतात आणि हिरव्या पाणवनस्पतीची एक जुडी येते. पंधरा-वीस दिवसांनी काचेवर मोहरीच्या दाण्याएवढे काहीतरी सरकताना दिसते. ते कोणी विकत आणलेले नसते. वनस्पतीच्या पानाखाली चिकटून आलेल्या जेलीसारख्या अंड्यांतून ते निघालेले असते.

तिथून घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, राहू द्या. दादी म्हणते, "काढून फेका ते किडे, घरात घाण नको." आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नव्हे. पण आमच्या घरी टाकी आहे हे कळल्यापासून मधल्या सुट्टीत मुले येऊन विचारत असतात : "टीचर, घोंघा ठेवायचा की फेकायचा?" पालकही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

उर्दूत घोंघा, मराठीत गोगलगाय. मराठीची म्हण सर्वांना ठाऊक आहे : गोगलगाय आणि पोटात पाय. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून बेरकी माणसाला ती लावतात. गंमत अशी की शास्त्रज्ञांनीही या प्राण्यांना नाव दिले ते हेच. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांचा वर्ग उदरपाद असा लिहिलेला असतो, म्हणजे ज्याचे पोट हाच पाय. ज्याने म्हण पहिल्यांदा उच्चारली त्याने गोगलगाय उलटी करून नीट पाहिली होती, एवढे नक्की.

आता टाकीत आलेली गोगलगाय कोणती, हे आधी ओळखावे. सर्वांत जास्त आढळते ती फायसा. शेंगदाण्यापेक्षा लहान, पातळ, ठिपकेदार आणि टोकदार शंखाची. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी म्हणजे लिम्निया. ही आपल्या तळ्यांत आणि कालव्यांत असते. दोघींतला फरक मुलांनाही करता येतो. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावे. तोंड डाव्या हाताला आले तर फायसा, उजव्या हाताला आले तर लिम्निया. हा फरक नुसता कौतुकाचा नाही. तो का महत्त्वाचा, ते पुढे येईल.

तिसरी मेंढ्याच्या शिंगासारखी चपटी गुंडाळलेली. तिच्या देशी जातीचे नाव इंडोप्लॅनॉर्बिस, आणि दुकानात तिचीच लाल रंगाची परदेशी बहीण मिळते. ती लाल दिसते याचे कारण तिच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. बाकी बहुतेक गोगलगायींच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते आणि हवा लागली की ते निळसर दिसते. चौथी मेलॅनॉइडिस. लांबट, स्क्रूसारखी. ती अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, आणि त्यासाठी तिला नराची गरजही पडत नाही. दिवसभर वाळूत गाडून घेते आणि दिवे मालवल्यावर बाहेर येते. रात्री तहज्जुदला किंवा सहरीला उठून सहज टाकीकडे पाहिले तर काचेवर शंभर-दीडशे दिसतात, आणि सकाळी एकही नाही.

पाचवी आपल्या गावतळ्यातली मोठी गोगलगाय, पायला. लिंबाएवढी होते. तिला कल्लाही असतो आणि फुप्फुसही. पाण्यात असताना ती एक नळी वर काढून हवा घेते. तळे आटले की चिखलात शिरते, शंखाचे झाकण घट्ट लावून घेते आणि पाऊस पडेपर्यंत तशीच पडून राहते. वऱ्हाडातला उन्हाळा काढायची याहून चांगली युक्ती आम्हाला तरी माहीत नाही.

दुकानदार गोगलगाय विकताना एकच गोष्ट सांगतो : ही टाकी साफ ठेवते. अर्धे खरे आहे. ती काचेवरचे शेवाळ खाते, उरलेले खाद्य खाते, सडलेली पाने खाते. माशांची विष्ठा खात नाही. उलट तिची स्वतःची भर पडते. डासांच्या अळ्याही ती खात नाही. ते काम गप्पीचे. म्हणून गोगलगाय आणली म्हणजे पाणी बदलण्याच्या कामातून सुटका झाली, असे कोणी समजू नये. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलावेच लागते.

दुसरी तक्रार असते की दोनाच्या दोनशे झाल्या. फायसा आणि शिंगवाली या दोन्हींत प्रत्येक जीव नरही असतो आणि मादीही, त्यामुळे वाढ झपाट्याने होते हे खरेच. पण आमचा अनुभव असा की गोगलगायींची संख्या ही घरच्यांच्या हाताची मोजणी असते. जिथे मुलगा सकाळी खाद्य टाकतो, दुपारी बहीण टाकते आणि संध्याकाळी अब्बू कामावरून आल्यावर हौसेने टाकतात, तिथे गोगलगायी वाढणारच. खाद्य कमी करा, दोन महिन्यांत संख्या उतरते. काढायच्याच असतील तर रात्री काकडीची चकती किंवा कोबीचे पान तळाशी ठेवावे आणि सकाळी त्यावर जमलेल्यांसह उचलावे. औषध टाकू नये.

आता पाणी. वऱ्हाडात हाच खरा विषय आहे.

गोगलगायीचा शंख चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा असतो. पाण्यात चुना कमी पडला की शंख पातळ होतो, पांढरे खड्डे पडतात आणि टोक झिजते. अलीकडे घरोघरी आरओची मशिने आली आहेत आणि लोकांना वाटते की सर्वांत स्वच्छ पाणी तेच, म्हणून टाकीतही तेच ओततात. माणसाला ते ठीक, गोगलगायीला नाही. त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णा धरणाचे नळाचे पाणी येते, ते चांगले. फक्त त्यात क्लोरीन असते, म्हणून उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घालावे.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी वेगळी गोष्ट आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या ३ जिल्ह्यांच्या पोटात खाऱ्या भूजलाचा मोठा पट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतल्या लोकांना त्याची चव सांगायला नको. त्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून लोक त्याला जड पाणी म्हणतात आणि समजतात की शंखाला हे चांगलेच. पण त्या पाण्यात चुन्यापेक्षा सोडियमचे क्षार भारी असतात. शंखाला हवा चुना, मीठ नव्हे. त्यात उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. आपण वरून तेच खारे पाणी घालतो आणि महिन्याभरात टाकी आणखी खारट होते. त्या गावांनी टाकीसाठी नळयोजनेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पावसाच्या पाण्यात चुना नसतो, तेव्हा त्यात समुद्रफेनाचा एक तुकडा टाकून ठेवावा. हा पाळीव पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तोच पांढरा तुकडा. पक्ष्यांच्या दुकानात आणि जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. उकडलेल्या अंड्याचे धुऊन वाळवलेले टरफलही चालते. पानाला लावतो तो चुना मात्र मुळीच टाकू नये. त्याने पाणी एकदम तीव्र होते आणि मासेही मरतात.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते आणि हवेचा पंप बंद पडतो. टाकी खिडकीपाशी, गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत किंवा कूलरच्या वाऱ्याबाहेर ठेवू नये. बाहेरून ओले फडके गुंडाळले तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. जागा ठरवताना वजनाचाही विचार करावा. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि वाळू सोडून ५४ किलो. फळीवर ठेवण्याची ही वस्तू नाही. गोगलगायींचा इथे एक उपयोग आहे, जो दुकानदार सांगत नाही. वाळूत राहणारी मेलॅनॉइडिस भर दिवसा घोळक्याने पाण्याच्या काठाशी चढली, तर समजावे की पाण्यात प्राणवायू उरलेला नाही किंवा तळाशी काही सडले आहे. मासे तोंड वर काढण्याच्या आधी ही खबर मिळते.

तांब्याबद्दल थोडे सविस्तर, कारण नुकसान इथेच होते. आमच्या ओळखीच्या एका घरात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. दुकानातून निळे औषध आणून टाकले. मासे वाचले, आणि दोन दिवसांत सगळ्या गोगलगायी तळाशी पडल्या. दुकानदाराने विचारलेच नव्हते की टाकीत गोगलगायी आहेत का. माशांच्या पुष्कळ औषधांत तांब्याचा क्षार, म्हणजे आपले मोरचूद असते. संत्र्याच्या बागेवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्या अमरावतीच्या शेतकऱ्याला मोरचूद म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बुरशीला मारते तेच अगदी थोड्या मात्रेत गोगलगायीलाही मारते. औषध देण्याआधी बाटलीवरचा मजकूर वाचावा, किंवा आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून तिथे औषध द्यावे. माशांच्या आजारावर खडे मीठ घालण्याचाही रिवाज आहे. तेव्हाही गोगलगायी आधी बाहेर काढाव्यात.

आता त्या लिम्नियाकडे वळू. बकरी ईदला कलेजी साफ करताना कधी कधी तिच्यात पानासारखे चपटे किडे निघतात, किंवा नळ्या पांढऱ्या आणि कडक झालेल्या दिसतात. कसाई तो भाग काढून टाकतो आणि म्हणतो, जनावराने तळ्याकाठचे गवत खाल्ले असेल. तो बरोबर सांगत असतो. हा यकृतातला चपटा कृमी, लिव्हर फ्लूक. जनावराच्या शेणा-लेंड्यांतून त्याची अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी लिम्निया गोगलगायीच्या अंगात शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात, मग बाहेर पडून काठच्या गवतावर चिकटून बसतात, आणि ते गवत पुन्हा गाय, म्हैस, बकरी खाते. शिजवलेल्या कलेजीतून हा कृमी माणसाला लागत नाही. कच्च्या पाणभाज्यांतून आणि तशा पाण्यातून लागू शकतो. शिंगवाल्या इंडोप्लॅनॉर्बिसमधूनही जनावरांचे दुसरे कृमी पसरतात. तळ्यात गुडघाभर पाण्यात उतरल्यावर पायाला पुरळ येऊन खाज सुटते, त्यामागेही बऱ्याचदा याच गोगलगायीतून बाहेर पडलेल्या अळ्या असतात.

माणसाच्या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दाखवून दिले की हा शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा आजार आहे. आफ्रिका आणि इजिप्तमध्ये तो लाखो लोकांना होतो, पण भारतात त्याचे असे ठाणे कोणी पाहिले नव्हते. पुढे त्यांनी त्याचा वाहकही शोधला : फेरिसिया नावाची, नखाच्या तुकड्याएवढी, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय. लोक ज्या पाण्यात अंघोळ करत आणि कपडे धूत, त्याच पाण्यात ती होती.

हे वाचून टाकी फेकून देण्याची गरज नाही. या कृमींची साखळी पूर्ण व्हायला जनावराची किंवा माणसाची घाण त्याच पाण्यात यावी लागते. आणि ते गोगलगायीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. म्हणजे घरच्या टाकीत जन्मलेली गोगलगाय या बाबतीत निर्धोक असते. धोका असतो तो वडाळी तलावाच्या काठावरून किंवा शेततळ्यातून मुलाने खिशात घालून आणलेल्या गोगलगायीत. अशी आणू देऊ नये. टाकी साफ करताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. टाकीतले पाणी नळी तोंडाने ओढून काढण्याची मुलांना सवय असते, ती मोडावी.

मागच्या वर्षी आठवीतली एक मुलगी आमच्याकडे आली. वडिलांची बदली अकोल्याहून अमरावतीला झाली होती आणि सामानात टाकी नेणार नव्हते. मासे शेजाऱ्यांनी घेतले. गोगलगायींचे काय? तिची नानी म्हणाली, मोर्णेत सोडून आझाद करून टाकू, सवाब मिळेल. नियत किती चांगली! पिंजऱ्यातला पक्षी सोडतात तसेच हे. मुलीला मात्र काहीतरी खटकत होते, म्हणून ती विचारायला आली.

आम्ही तिला मोर्णेचीच गोष्ट सांगितली. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरून जलकुंभी उपसत होते, ते तिच्या घरच्यांनीही पाहिले होते. ही जलकुंभी इथली नाही. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जगभर पोहोचली ती तिच्या जांभळ्या फुलांसाठी, शोभेची म्हणून. कोणीतरी ती हौसेने आणली, कोणीतरी पाण्यात सोडली. गोगलगायीची गोष्टही तशीच. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकी गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. त्या जमिनीवर राहणाऱ्या, मुठीएवढ्या होणाऱ्या. आज ती जात देशभर आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रात्रीतून फस्त केले आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. पाण्यातलेही उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली, तिथून फिलिपिन्सपर्यंत गेली आणि भाताची शेते खाऊ लागली. तिचे गुलाबी अंड्यांचे घोस पाण्याच्या वर काठावर दिसतात. आपल्या पायलाची अंडी पांढरी असतात आणि ओल्या मातीत खड्डा करून घातलेली असतात. युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्या सगळ्या कुळाच्या आयातीवरच बंदी घातली. आपल्या दुकानांत पिवळ्या, निळसर, जांभळट रंगाच्या मोठ्या गोगलगायी मिळतात, त्या याच परदेशी कुळातल्या.

मुलगी म्हणाली, "पण टीचर, माझ्या तर लहान आहेत." लहान असोत की मोठ्या, नदीत सोडणे हे त्यांना आझाद करणे नव्हे. त्या जगल्या तर दुसऱ्या कोणाचे तरी पाणी आणि पीक खातील, आणि मेल्या तर त्या गटारासारख्या पाण्यात तडफडून मरतील. तिने त्या लोणच्याच्या बरणीत भरल्या. तळाशी ओले फडके, वर पाणवनस्पती, पाणी जेमतेम दोन बोटे. भरपूर पाण्यापेक्षा ओलाव्यात गोगलगायींचा प्रवास चांगला होतो. एसटीने बरणी मांडीवर घेऊन ती अमरावतीला गेली. सात पोहोचल्या, असा नंतर फोन आला. उरलेल्या तिने आधीच आमच्या वर्गात वाटल्या होत्या.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातला एक प्रसंग आम्ही मुलांना सांगतो. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहानसा पक्षी होता. प्रेषित (स.) त्यांच्या घरी येत तेव्हा मुलाकडे पक्ष्याची विचारपूस करीत. पक्षी मेला आणि मूल उदास झाले, तेव्हाही त्यांनी प्रेमाने त्याचीच चौकशी केली. मुलाने जीव पाळावा की नाही, असे विचारणाऱ्या पालकांना उलेमा हा प्रसंग सांगतात. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचा प्रसंगही त्याच पालकांना सांगावा लागतो. गोगलगाय ओरडत नाही, शेपूट हलवत नाही, म्हणून तिचा उपवास कोणाच्या लक्षात येत नाही.

दादींचा प्रश्न राहिला : गोगलगाय मेली तर पाणी नापाक होते का? ज्या जीवात वाहते रक्त नाही तो पाण्यात मेल्याने पाणी नापाक होत नाही, असे हनफी फिकहमध्ये सांगितले आहे. अधिक खुलासा आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांकडून घ्यावा. पण पाक असणे आणि चांगले असणे यांत फरक आहे. मोठी गोगलगाय टाकीत मेली की पाणी एका दिवसात नासते. तरंगणारी प्रत्येक गोगलगाय मेलेली नसते, अंगात हवा भरली तरी ती तरंगते. उचलून वास घ्यावा. मेलेली असेल तर विचारण्याची गरज उरत नाही. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. गुलाब आणि मोगरा त्यावर चांगला येतो.

जास्तीच्या गोगलगायी कोणी घेत नसेल तर कोंबड्या पाळणाऱ्या घरी द्याव्यात. ठेचून दिल्या तर कोंबड्या आवडीने खातात आणि शंखाचा चुना अंड्याच्या टरफलाला लागतो. मारायची वेळ आलीच तर एका झटक्यात ठेचावे. मीठ टाकून फेसाळत मरू देण्याचा खेळ मुले पावसाळ्यात अंगणात करतात, तो पाहिला की आम्ही तिथेच थांबवतो.

शादीसाठी आठ-दहा दिवस बाहेरगावी जायचे असेल तर शेजाऱ्यांना चावी देऊन रोज खाद्य टाकायला सांगू नये. ते दयेने मूठभर टाकतात. जाण्याच्या दोन दिवस आधी पाव टाकी पाणी बदलावे, खिडकीचा पडदा ओढावा आणि निघावे. काचेवरच्या शेवाळावर गोगलगायी आठवडाभर निवांत राहतात.